बोर्ड साडेतीनशेचा, पण प्रोग्राम कशात लिहायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शनिवारी संध्याकाळी आमच्या दोन खोल्यांच्या वर्कशॉपमध्ये डिप्लोमाची मुलं येतात, एखादे निवृत्त काका येतात, मधूनच ठिबकचा व्हॉल्व मोबाइलवरून उघडायचाय म्हणून कुणी शेतकरी येतो. माणसं वेगळी, प्रश्न मात्र तेच. म्हणून मायक्रोकंट्रोलर बोर्डांबद्दलचे, म्हणजे सेन्सर-मोटर चालवायला प्रोग्राम करता येणाऱ्या छोट्या चिपांच्या बोर्डांबद्दलचे, ते प्रश्न एकदाचे लिहून काढले. क्रम महत्त्वाचा नाही, तुमचं घोडं जिथे अडलंय तिथून वाचा.

पुण्याच्या तपकीर गल्लीत तीन-चार बोर्ड पाहिले. कोणता घेऊ?

बोर्ड नंतर ठरवू. आधी सांगा, प्रोग्राम बिघडला तर आत काय चाललंय हे तुम्हाला दिसणार कसं? आणि वर्षभराने तोच प्रोग्राम पुन्हा बोर्डात टाकायची वेळ आली, तर तो टाकता येईल का? ही दोन उत्तरं बोर्डापेक्षा सॉफ्टवेअरवर जास्त अवलंबून असतात. लोक उलटं करतात. पन्नास रुपये वाचवून बोर्ड आणतात आणि तो चालवायला चार रविवार घालवतात.

तरी घाईत असाल तर माझं मत: वायफाय हवं असेल तर ईएसपी३२ घ्या आणि आर्डुइनो आयडीईत, म्हणजे प्रोग्राम लिहून बोर्डात टाकायच्या सॉफ्टवेअरमध्ये, सुरुवात करा. वायफाय नको आणि शिकायचंय, तर रास्पबेरी पाय पिको. काकांना नातवासोबत दिवे लुकलुकवायचेत, तर आर्डुइनोचा साधा ऊनो.

आर्डुइनो आयडीई म्हणजे पोरखेळ ना? कंपनीत कुणी वापरत नाही म्हणे.

हे बहुतेक वेळा ‘अपलोड’ बटणामागे काय होतं ते न पाहिलेला माणूस बोलतो. ऊनोसाठी ते बटण दाबलं की तुमचा कोड सी प्लस प्लस म्हणून एव्हीआर-जीसीसी या कंपाइलरकडे (कोडचं चिपच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामकडे) जातो आणि तयार झालेली फाइल एव्हीआरड्यूड नावाचा प्रोग्राम चिपमध्ये उतरवतो. दोन्ही मुक्त साधनं आहेत, पुष्कळ ‘मोठ्या’ कामांतही हीच असतात. आयडीईने फक्त त्यांच्यावर सोपं झाकण घातलंय. पसंतीमध्ये (‘प्रेफरन्सेस’) ‘व्हर्बोज’ चालू करा, म्हणजे पूर्ण कमांड पडद्यावर दिसते. मी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी ते चालू करायला लावतो. कुरकुरतात, पण पुढे तेच कामी येतं.

झाकणाचा त्रासही आहे. फाइली दहाच्या वर गेल्या, एकाच प्रोजेक्टमध्ये दोन तऱ्हेचे बोर्ड आले की आयडीईत कोंडमारा होतो. तेव्हा बाहेर पडा. त्याआधी उगाच नाही.

आवृत्ती कोणती, हेही विचारतात. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेली २.० मालिका दिसायला छान आहे आणि टाइप करताना सुचवते, पण ती जड आहे. चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर तिला दम लागतो. अशा लॅपटॉपवर मी अजून १.८.१९ टाकतो आणि मला त्याची लाज वाटत नाही.

बोर्ड लावला, लाल दिवा लागला, पण पोर्टच दिसत नाही. बोर्ड खराब आहे का?

शंभरातल्या नव्वद वेळा नसतो. (नव्वद हा आकडा माझ्या वैतागाचा आहे, मोजलेला नाही.)

सगळ्यात आधी केबल बदला. मोबाइलसोबत येणाऱ्या कित्येक स्वस्त केबलींमध्ये फक्त वीज वाहणाऱ्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. दिवा लागतो, पण संगणकाला पत्ता नसतो. आमच्याकडे अशा केबलींना सरळ गाठ मारून वेगळ्या डब्यात टाकतात, म्हणजे पुन्हा कुणी उचलत नाही.

केबल ठीक असेल तर विंडोजचा डिव्हाइस मॅनेजर उघडा आणि बोर्ड काढून-लावून बघा, यादीत काय येतं नि जातं. पिवळं उद्गारचिन्ह दिसलं तर ड्रायव्हर नाही. स्वस्त नॅनो (ऊनोचा छोटा भाऊ) आणि ऊनोवर यूएसबीसाठी बहुधा सीएच३४० ही चिप असते. बोर्ड उलटसुलट करून तिचं नाव भिंगाने वाचा आणि तिचा ड्रायव्हर टाका. ईएसपी३२ च्या बऱ्याच बोर्डांवर सीपी२१०२ असते, तिचा ड्रायव्हर वेगळा.

लिनक्सवर सीएच३४० चा ड्रायव्हर कर्नलमध्येच असतो, पण दोन ठिकाणी माशी शिंकते. एक, तुमचं खातं ‘डायलआउट’ गटात नसतं. ते घालून लॉगआउट करून परत या. दुसरं, उबुंटू २२.०४ वर पोर्ट क्षणभर दिसून गायब होतं. ब्रेल पडद्यांसाठी असलेला ‘बीआरएलटीटीवाय’ हा प्रोग्राम सीएच३४० ला आपलंच यंत्र समजून ताब्यात घेतो. ब्रेल पडदा वापरत नसाल तर तो काढून टाका.

पोर्ट दिसतंय पण अपलोड होताना ‘नॉट इन सिंक’ म्हणून दहा वेळा रडतंय? नॅनो असेल तर टूल्स मेन्यूतल्या प्रोसेसरमध्ये ‘ओल्ड बूटलोडर’ निवडा. बूटलोडर म्हणजे चिपमध्ये आधीच असलेला, नवा प्रोग्राम उतरवून घेणारा छोटा प्रोग्राम. जुन्याचा वेग ५७६०० असतो, नव्याचा ११५२००. दोघं वेगवेगळ्या वेगाने बोलत असले की संवाद कसा होणार?

आणि ईएसपी३२ ‘कनेक्टिंग’ म्हणून नुसते ठिपके टाकत बसला, तर ते ठिपके येत असताना बोर्डावरचं ‘बूट’ बटण दाबून धरा. दर वेळी दाबावं लागत असेल तर ‘ईएन’ आणि ग्राउंड या पिनांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा. चार-पाच रुपयांत डोकेदुखी जाते.

ईएसपी३२ ला आर्डुइनो वापरू की ईएसपी-आयडीएफ?

ईएसपी-आयडीएफ हे चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफचं स्वतःचं साधन. आर्डुइनोचा ईएसपी३२ कोअर, म्हणजे त्या चिपसाठी आयडीईत टाकायचा आधाराचा कोड, त्याच्याच डोक्यावर बसलेला आहे, म्हणजे आर्डुइनोत लिहिलंत तरी खाली आयडीएफ आणि फ्रीआरटीओएस ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम चालूच असतात. तापमान वाचून सर्व्हरला पाठवणं, रिले चालवणं, छोटं वेबपेज दाखवणं यासाठी आर्डुइनो पुरतो. बॅटरीवर महिनोन्महिने चालवायचंय, दुरून अपडेट पाठवायचंय, चिपमधल्या मेमरीची वाटणी स्वतः करायचीय, तर आयडीएफ शिका. त्याचा ‘मेन्यूकॉन्फिग’ पाहून पहिल्यांदा घाम फुटतो. फुटू द्या.

‘स्केच टू बिग’ आलं म्हणून आयडीएफकडे पळू नका. चार एमबी फ्लॅशच्या (प्रोग्राम साठवायच्या मेमरीच्या) बोर्डावर आर्डुइनोची मूळ वाटणी प्रोग्रामला १३,१०,७२० बाइटच देते, कारण दुरून अपडेटसाठी तेवढीच दुसरी जागा राखून ठेवलेली असते. वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही घेतलं की ती भरते. टूल्समध्ये ‘पार्टिशन स्कीम’ बदलून ‘ह्यूज अ‍ॅप’ निवडा, तीन एमबी मिळतील. मात्र दुरून अपडेटची सोय जाईल.

दोन वर्षांपूर्वी चालणारा कोड आज कंपाइल होत नाही. कोडला गंज चढतो का?

चढतो. माझ्यावरच आलेली गोष्ट सांगतो. एका पोल्ट्रीच्या पंख्यांचा कंट्रोलर मी ईएसपी३२ वर केला होता. मालकांचा फोन आला, ‘सर, पंखा चाळीस सेकंदांऐवजी साठ सेकंद चालू ठेवा.’ एका आकड्याचं काम. लॅपटॉप नवा होता, त्यावर मी बोर्डाचा ताजा कोअर टाकला होता. शेडपाशी उकिडवा बसून कंपाइल मारलं, तर लाल ओळींची रांग. कोअरच्या ३.० आवृत्तीत, म्हणजे २०२४ मध्ये, पीडब्ल्यूएमची (वीज झपाट्याने चालू-बंद करून वेग कमी-जास्त करायची) जुनी दोन फंक्शनं जाऊन त्यांच्या जागी ‘एलईडीसी-अटॅच’ हे एकच आलं होतं. बदल जाहीर होता, लिहिलेला होता, मी वाचला नव्हता. जुना कोअर उतरवायचा तर शेकडो एमबी, आणि मोबाइलला रेंजची एक काडी. कोंबड्यांच्या साक्षीने सगळा पीडब्ल्यूएमचा भाग हाताने बदलला.

तेव्हापासून प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर तीन ओळींची कमेंट असते: आयडीईची आवृत्ती, कोअरची आवृत्ती, लायब्ररींची नावं आणि आवृत्त्या. ग्राहकाकडे यंत्र लावलं असेल तर त्या दिवशीचा कोअरचा फोल्डरही पेनड्राइव्हवर ठेवतो.

मग प्लॅटफॉर्मआयओ घेऊ का? सगळे त्याचंच नाव घेतात.

वरचं दुखणं त्यावर बरं होतं, म्हणून मी कामाच्या प्रोजेक्टला तेच वापरतो. व्हीएस कोड या एडिटरमध्ये ते एक्स्टेन्शन म्हणून बसतं. प्रोजेक्टच्या फोल्डरात एक छोटी सेटिंगची फाइल असते. तिच्यात बोर्ड, प्लॅटफॉर्मची आवृत्ती, लायब्ररींच्या आवृत्त्या लिहून ठेवल्या की दुसऱ्या लॅपटॉपवर ते नेमकं तेवढंच उतरवून घेतं. लिहून मात्र ठेवायला हवं. आवृत्ती न टाकता नुसतं नाव लिहिणारे परत त्याच खड्ड्यात पडतात.

ईएसपी३२ वाल्यांनी एक ध्यानात घ्या. प्लॅटफॉर्मआयओचा अधिकृत ईएसपी३२ प्लॅटफॉर्म आर्डुइनो कोअरच्या २.० मालिकेवरच थांबला. ३.० पुढचं हवं असेल तर ‘पिओआर्डुइनो’ ही समुदायाने चालवलेली शाखा सेटिंगमध्ये द्यावी लागते. नव्या चिपा घेताना हे आधी बघा.

पहिल्या महिन्यात असणाऱ्यांनी याच्या नादी लागू नये. एक दिवा लावायला तीन फोल्डर आणि दोन सेटिंग फाइली पाहिल्या की उत्साह जातो.

पायथन येतं. त्यातच केलं तर?

जरूर करा. मायक्रोपायथन, म्हणजे छोट्या चिपांसाठीचं पायथन, पिको आणि ईएसपी३२ वर चांगलं चालतं. ऊनोवर चालणार नाही, तिथे रॅमच दोन केबी आहे. पिकोमधल्या आरपी२०४० कडे २६४ केबी आहे, म्हणून तिथे हात मोकळा राहतो.

पिको मला शिकवायला आवडतो तो यासाठी. ‘बूटसेल’ बटण दाबून धरून यूएसबी लावली की बोर्ड पेनड्राइव्हसारखा दिसतो. त्यावर मायक्रोपायथनची यूएफ२ फाइल ओढून टाकली की झालं. ड्रायव्हर नाही, वेगळा प्रोग्रामर नाही. मग थॉनी उघडायचं. एस्टोनियातल्या टार्टू विद्यापीठात नवशिक्यांसाठी घडलेला हा एडिटर आहे. एक ओळ लिहिली, एंटर मारलं, दिवा लागला. कंपाइलची वाट पाहणं नाही. सेन्सर नवा असेल तेव्हा त्याच्याशी असं ओळीओळीने बोलता येणं फार सोयीचं पडतं.

इथे हमखास होणारी चूक: ‘लॅपटॉप काढला की बंद पडतं, सर.’ फाइल बोर्डावर ‘मेन डॉट पीवाय’ याच नावाने जपली असेल तरच ती वीज येताच आपोआप सुरू होते. ‘टेस्ट वन’, ‘फायनल’, ‘फायनल खरं’ अशा नावांना बोर्ड हिंग लावून विचारत नाही.

वेग मात्र सीच्या मानाने बराच कमी, आणि रॅम साफ करायला मध्येच क्षणभर थांबण्याची सवय त्याला आहे. मोटरचे ठोके मोजायचे असतील तर सी घ्या किंवा पिकोचे पीआयओ शिका. ते त्यातले आठ छोटे स्वतंत्र कारकून आहेत, पिना हलवायचं काम प्रोसेसरला न विचारता करत राहतात.

‘सीरियल प्रिंट’ने काम भागतं. डीबगर कशाला?

प्रोग्राममधून मजकूर संगणकावर छापून आत काय चाललंय ते कळतं, भागतं तोवर भागवा. आता जिथे भागलं नाही ते सांगतो.

एका मुलीचा ऊनोवरचा प्रोजेक्ट: ओलावा मोजायचा आणि छोट्या ओएलईडी पडद्यावर दाखवायचा. कंपाइलर म्हणत होता, रॅम साठ टक्के वापरली, चाळीस शिल्लक. पडदा काळा. आम्ही पडदा बदलला, तारा बदलल्या, दुसरा ऊनो लावला. दोन शनिवार गेले. मग तिनेच लायब्ररीचा कोड उघडला. १२८ बाय ६४ ठिपक्यांचा पडदा, प्रत्येक ठिपक्याला एक बिट, म्हणजे १०२४ बाइट. आणि ही जागा लायब्ररी प्रोग्राम सुरू झाल्यावर मागते, त्यामुळे कंपाइलरच्या हिशेबात ती येतच नाही. एकूण २०४८ मधले साठ टक्के आधीच गेलेले, उरलेल्यात १०२४ बसणार कुठून? तिने सगळी छापायची वाक्यं ‘एफ’ मॅक्रोत गुंडाळून फ्लॅशमध्ये ढकलली, पडदा लागला.

इथे प्रिंट करून काय कळलं असतं? प्रिंटची वाक्यंही तीच रॅम खात होती.

डीबगर असला की प्रोग्राम हव्या त्या ओळीवर थांबवता येतो आणि व्हेरिएबलांमध्ये डोकावता येतं. खर्चाची भीती नको. दोन पिको घ्या, एकावर ‘डीबगप्रोब’ची यूएफ२ टाका, तो दुसऱ्याचा डीबगर बनतो. ईएसपी३२ घराण्यातल्या सी३ आणि एस३ मध्ये डीबगिंगची सोय चिपच्या यूएसबीतच आहे, फक्त बोर्डावर ती यूएसबी बाहेर काढलेली आहे का ते बघून घ्या. साध्या ऊनोवर मात्र ही चैन सहज मिळत नाही. म्हणूनच मी म्हणतो, आधी हे विचारा, मग बोर्ड घ्या.

ब्लू पिल दीडशे-दोनशेत मिळतेय. एसटीएम३२ शिकायला चांगली ना?

ब्लू पिल म्हणजे एसटी कंपनीच्या एसटीएम३२एफ१०३ चिपचा स्वस्त बोर्ड. चिप चांगली: ७२ मेगाहर्ट्झ, २० केबी रॅम, ६४ केबी फ्लॅश. एसटीएम३२क्यूबआयडीई फुकट आहे, पिना आणि घड्याळं एसटीच्याच क्यूबएमएक्समध्ये चित्रावर टिचक्या मारून ठरवता येतात. पण अडचण चिपच्या खरेपणाची. मी एका दुकानातून पाच बोर्ड आणले होते, सगळ्यांवर ‘एसटीएम३२एफ१०३’ छापलेलं. क्यूबआयडीईने पाचांपैकी तिघांना ‘एसटीचं उपकरण असल्याची खात्री होत नाही’ म्हणून हात झटकले. ओपनओसीडी या मुक्त डीबग प्रोग्रामने ओळख क्रमांक दाखवला तो १ ने सुरू व्हायच्या ऐवजी २ ने होता. म्हणजे दुसऱ्याच कुणाची, त्याच साच्यातली चिप. ओपनओसीडीत तो क्रमांक दिला की तीही चालते, पण नवशिक्याने पहिल्या आठवड्यात हे का करावं?

शिवाय या चिपच्या कायमच्या बूटलोडरला यूएसबी कळत नाही, सीरियलच कळतं. त्यामुळे एसटी-लिंक हा प्रोग्राम टाकायचा जोड वेगळा घ्यावा लागतो. तो पकडून हिशेब केलात तर एसटीचा न्यूक्लिओ बोर्ड तितकासा महाग राहत नाही, त्याच्यावर एसटी-लिंक बसवलेलाच असतो.

कॉलेजात ८०५१ आणि कील आहे. त्याचं काय करू?

८०५१ ही जुनी चिप आणि कील हे तिचं सॉफ्टवेअर, परीक्षेपुरतं नीट करा. रजिस्टर, टायमर, इंटरप्ट हे तिथेच डोक्यात बसतं. कीलच्या सी५१ ची फुकट आवृत्ती दोन केबी कोडला थांबते. एलसीडी आणि कीपॅड एकत्र आले की ती मर्यादा नडते. क्रॅक शोधत बसू नका, व्हायरस घेऊन याल. एसडीसीसी हा मुक्त कंपाइलर आहे, त्याला मर्यादा नाही. पिना आणि इंटरप्ट लिहायची पद्धत थोडी वेगळी आहे, तेवढं बदलावं लागेल.

दहा-पंधरा रुपयांच्या चिपबद्दल ऐकलं, खरं आहे?

सीएच३२व्ही००३. खरी आहे. रिस्क-फाइव्ह या खुल्या रचनेची, ४८ मेगाहर्ट्झ, दोन केबी रॅम, १६ केबी फ्लॅश. साधनं दोन: कंपनीचं माउनरिव्हर स्टुडिओ आणि सी हाताने लिहिणाऱ्यांचं आवडतं सीएच३२फन. प्रोग्राम टाकायला सहसा कंपनीचा डब्ल्यूसीएच-लिंकई हा प्रोग्रामर लागतो. साधा ‘लिंक’ घेऊ नका, नावातला शेवटचा ‘ई’ तपासा.

आपला भारतीय बोर्ड नाही का?

आहे. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचा एरीज. त्यात त्यांची वेगा घराण्यातली थेजस३२ ही रिस्क-फाइव्ह चिप आहे आणि तो आर्डुइनो आयडीईत जोडता येतो. तयार लायब्ररी इतरांच्या मानाने थोड्या, त्यामुळे सेन्सरचा कोड स्वतः लिहायची तयारी हवी.

बोर्ड यायला आठवडा आहे. तोवर?

वोक्वी हा सिम्युलेटर (बोर्डाची पडद्यावरची नक्कल) ब्राउझरमध्ये उघडा. ऊनो, ईएसपी३२, पिको तिन्ही चालतात. शाळकरी मुलांना टिंकरकॅड. सुटलेली तार आणि कमी पडलेली वीज मात्र कुठलाच सिम्युलेटर दाखवत नाही.

गावी नेट नाही. साधनं कशी न्यायची?

पुण्यात असतानाच सगळं उतरवून एकदा कंपाइल करून घ्या. विंडोजवर कोअर आणि कंपाइलर तुमच्या खात्यातल्या अ‍ॅपडेटाच्या ‘लोकल’मध्ये ‘आर्डुइनो१५’ फोल्डरात असतात, लायब्ररी डॉक्युमेंट्समधल्या ‘आर्डुइनो’त. दोन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर घेऊन गावच्या लॅपटॉपवर त्याच जागी ठेवा. चालतं.

एआयकडून कोड लिहून घेतला. कंपाइल होत नाही.

त्याला कोअरची आवृत्ती सांगितलीत? न सांगितल्यास तो बरेचदा जुन्या २.० च्या सवयीने लिहितो, आणि तुमच्याकडे ३.० असतो. पोल्ट्रीची गोष्ट परत वाचा.

वस्तू बनवून विकायची आहे. परवान्याचं काय?

आर्डुइनोच्या कोअरवर बनवलेली वस्तू विकता येते, स्वतःचा कोड उघड करायची सक्ती नाही. परवाना एलजीपीएल (एक मुक्त परवाना) आहे; ग्राहकाने मागितलं तर कोअर बदलून पुन्हा जोडता येईल अशा ऑब्जेक्ट (कंपाइल झालेल्या) फाइली द्याव्या लागतात. लायब्ररींचे परवाने निरनिराळे असतात, एकेक तपासा.

कोडमध्ये मराठीत लिहिलं तर चालतं का?

कमेंट बिनधास्त मराठीत लिहा, मी लिहितो. छापायच्या वाक्यांत जपून. यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘पाणी संपले’ यात नऊ चिन्हं आणि एक जागा, म्हणजे २८ बाइट, शेवटचा शून्य धरून २९. ऊनोवर अशी वीस वाक्यं झाली की रॅमचा चौथा हिस्सा गेला. आणि नेहमीच्या सोळा बाय दोन एलसीडीला देवनागरी येतच नाही. स्वतः काढलेली फक्त आठ चिन्हं ती लक्षात ठेवते.

फोल्डरच्या नावात मात्र मराठी नको. एका काकांनी नव्या लॅपटॉपवर विंडोजचं खातं स्वतःच्या नावाने, देवनागरीत आणि मधे जागा सोडून उघडलं होतं. ईएसपी-आयडीएफ काही केल्या बसेना. तशा नावाच्या वाटेवरून (पाथवरून) त्याला चालताच येत नाही. सी ड्राइव्हवर ‘ईएसपी’ नावाचा साधा इंग्रजी फोल्डर केला, त्यात सगळं बसवलं आणि पंधरा मिनिटांत त्यांचा दिवा लुकलुकला.